बंद कारखान्यातलं गेज, जुनं कोबाल्ट आणि भंगाराचा काटा: सांगली-साताऱ्यातल्या किरणोत्सारी सोर्सची राखण कशी करायची?

फिल्म_बॅज (धागाकर्ता)

बँकांच्या लिलावाच्या जाहिरातीत "जसे आहे, जिथे आहे" हे शब्द ठरलेले असतात. कुपवाड, मिरज, शिरवळ, कराड, कुठलीही एमआयडीसी घ्या. कारखाना बंद पडतो, बँक ताबा घेते, यंत्रांची यादी निघते. त्या यादीत "इन्स्ट्रुमेंट पॅनेल, १ नग" एवढंच लिहिलेली वस्तू कधी कधी न्यूक्लिऑनिक गेज, म्हणजे किरणोत्सारी सोर्सनं जाडी किंवा पातळी मोजणारं यंत्र, असते. कागदाची किंवा प्लास्टिकची जाडी मोजणारं असेल तर आत क्रिप्टॉन-८५ किंवा स्ट्रॉन्शियम-९०. सायलोतली पातळी मोजणारं असेल तर सीझियम-१३७. लिलाव घेणारा ते शिशाच्या भावानं पाहतो.

किरणोत्सारी पदार्थ आणि दहशतवाद म्हटलं की सिनेमातली ब्रीफकेस आठवते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे १९९३ पासूनच्या ४ हजारांहून जास्त घटनांची नोंद आहे. तस्करी किंवा घातपाताचा हेतू पक्का झालेल्या घटना त्यात थोड्या. बाकी सगळं हरवलं, चोरीला गेलं, भंगारात सापडलं, हिशेबच नव्हता, या जातीचं. पण हिशेबाबाहेर गेलेला सोर्स उद्या कुणाच्या हातात पडेल ते आपण ठरवत नाही. म्हणून हा धागा.

आधी माप. कुठला सोर्स किती गंभीर हे नुसत्या क्युरीवरून, म्हणजे किरणोत्साराच्या मात्रेवरून, कळत नाही. प्रत्येक समस्थानिकाला एक "डी" आकडा दिलेला आहे. राखण सुटली तर माणसाला गंभीर इजा करू शकेल एवढी मात्रा, असा त्याचा अर्थ. कोबाल्ट-६० साठी ०.०३ टेराबेकेरेल (क्युरीसारखंच, पण मोठं एकक), इरिडियम-१९२ साठी ०.०८, सीझियम-१३७ साठी ०.१, अमेरिसियम-२४१ साठी ०.०६. आपल्या सोर्सची मात्रा भागिले डी. उत्तर १००० किंवा जास्त आलं तर वर्ग १, १० ते १००० वर्ग २, १ ते १० वर्ग ३, ०.०१ ते १ वर्ग ४, त्याखाली वर्ग ५.

वेल्डिंग तपासायचा ५० क्युरीचा इरिडियम कॅमेरा म्हणजे १.८५ टेराबेकेरेल, भागिले ०.०८, उत्तर २३. वर्ग २. ब्रॅकीथेरपीचा (शरीरात सोर्स नेऊन करायचा कर्करोगाचा उपचार) १० क्युरी इरिडियम सोर्स ४.६, म्हणजे नुसत्या आकड्यानं वर्ग ३ (यादीत मात्र हा वापर वर्ग २ मध्ये धरतात). सीझियमचं १०० मिलिक्युरी लेव्हल गेज ०.०३७, म्हणजे वर्ग ४. क्रिप्टॉनचं जाडी गेज वर्ग ५.

आता खरी मेख. बंद करताना ५००० क्युरी असलेलं टेलिकोबाल्ट, म्हणजे कोबाल्टच्या प्रारणानं कर्करोगावर उपचार करायचं यंत्र, धरा. कोबाल्टचं अर्धायुष्य (मात्रा निम्मी व्हायला लागणारा काळ) ५.२७ वर्षं. खोलीला कुलूप लावून १५ वर्षं झाली तरी साधारण ७०० क्युरी उरतात, म्हणजे २६ टेराबेकेरेल, म्हणजे डीच्या साडेआठशे पटींहून जास्त. वर्ग १ मधून फक्त वर्ग २ मध्ये उतरलं. "जुनं झालंय, आता काही उरलं नसेल" हे वाक्य इरिडियमला दोन वर्षांनी लागू पडेल, त्याचं अर्धायुष्य ७४ दिवस. कोबाल्टला पडत नाही, आणि ३० वर्षं अर्धायुष्याच्या सीझियमला तर मुळीच नाही.

ज्यांना कामातली माहिती आहे त्यांनी लिहावं. कुणाच्या आस्थापनेचं नाव, कुलपांचे आणि कॅमेऱ्यांचे नकाशे इथं नकोत.

---

मिरज_रोड

रुग्णालयाच्या बाजूनं लिहितो.

टेलिकोबाल्टच्या राखणीचं गणित चार शब्दांत मावतं: रोखणं, कळणं, अडवणं, पोचणं. बहुतेक ठिकाणी पैसे पहिल्यावर जातात, म्हणजे पाटी, रखवालदार, जाड दार. पण कळणं आणि पोचणं यातला वेळ कुणी घड्याळ लावून मोजत नाही. आत कुणी शिरल्याचं कळल्यापासून पोलीस पोचेपर्यंत २० मिनिटं लागत असतील, तर अडथळ्यांनी २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ खाल्ला पाहिजे. आणि हा वेळ कळल्यानंतरचा धरायचा. जिथं कुणाला काही कळतच नाही तिथलं लोखंडी दार हिशेबात शून्य. म्हणून सेन्सर बाहेरच्या अंगाला, अडथळे आतल्या अंगाला. उलटं केलं तर चोर दार फोडून झाल्यावर घंटा वाजते.

व्यवहारात काय बिघडतं ते सांगतो.

एक, घंटा वाजते कुठं? रात्री कुलूपबंद असलेल्या रेडिओथेरपी विभागातच वाजत असेल तर ऐकणार कोण? ती चोवीस तास माणूस असलेल्या जागी गेली पाहिजे. अपघात विभाग किंवा मुख्य गेट. शिवाय पोलीस ठाण्याशी लेखी बोलणं झालेलं हवं. ठाणे अंमलदार बदलला की नवीन साहेबांना पुन्हा जाऊन सांगायचं. हे वर्षातून एकदा तरी करावं लागतंच.

दोन, वीज. भारनियमनात सेन्सर आणि कॅमेरे बॅटरीवर जातात. बॅटरी तीन-चार वर्षांनी मरते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून बघायचं, बॅटरी किती तास टिकली ते वहीत लिहायचं.

तीन, चाव्या आणि कोड. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी कोड बदलला पाहिजे. कंत्राटी सफाई कामगार, एसीवाला, रंगकाम करणारे यांची पडताळणी कुणाच्या यादीत नसते. आत एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं, हा नियम उपचाराच्या वेळेत पाळला जातो, रविवारी एसी दुरुस्तीला नाही.

चार, सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे कोबाल्ट बंद करून लिनॅक (विजेवर चालणारं, सोर्स नसलेलं उपचार यंत्र) बसवायचा. जुनं युनिट बंद, आरएसओची (किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याची) बदली किंवा निवृत्ती, खोलीत गवंडी. सोर्स परत पाठवायचा खर्च मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात नाही. लिनॅकची फाईल पुढं सरकायच्या आधी सोर्स परतीची फाईल पूर्ण व्हायला हवी. सोर्स काढायचं काम अधिकृत संस्थेचंच, ब्रिटच्या (अणुऊर्जा विभागाचं प्रारण आणि समस्थानिक मंडळ) किंवा मूळ पुरवठादाराच्या मार्फत, आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी ई-लोरावर (त्यांची ऑनलाईन परवाना यंत्रणा) आधी. परदेशी सोर्स असेल तर आयातीच्या वेळी परत घेण्याची हमी घेतलेली असते. ते पत्र शोधून ठेवा, पुरवठादार कंपनी विकली गेली की त्या पत्राशिवाय दुसरा आधार राहत नाही.

गोयानियात १९८७ मध्ये नेमकं हेच झालं. ब्राझीलमधली खासगी रेडिओथेरपी संस्था जागा सोडून गेली, सीझियम क्लोराईडचं यंत्र तिथंच राहिलं. १३७५ क्युरी, वजन १०० ग्रॅमच्या आत. भंगारासाठी दोघांनी ते उचकटलं. ४ मृत्यू, २४९ जणांना दूषण, १ लाख १२ हजार लोकांची तपासणी. तिथं घातपात करणारा कुणी नव्हता.

---

भट्टी_आणि_साचा

मिरज_रोड यांच्याशी सहमत. दिल्लीचं मायापुरी २०१० विसरू नका. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातला गॅमा सेल (कोबाल्ट-६० असलेलं प्रयोगशाळेतलं यंत्र), १९८५ पासून वापर बंद, फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून गेला. एप्रिलमध्ये भंगार बाजारात माणसं आजारी पडायला लागली तेव्हा कळलं. एकाचा जीव गेला. पंचवीस वर्षं ती वस्तू कुठल्याही साठा तपासणीत "हे काय आहे?" अशी विचारली गेली नाही.

आता फाउंड्रीचं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात भट्ट्या भरपूर, भंगार येतं देशभरातून आणि बंदरांवरूनही. गेटवर डिटेक्टर बसवणारे वाढलेत, पण वापरता येत नसेल तर तो शोभेचा.

पोर्टल म्हणजे ट्रकच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक सिंटिलेटरचे (प्रारण पडलं की चमकणारं प्लास्टिक) पॅनेल. ट्रक सावकाश, चालत्या माणसाच्या वेगाच्या आसपास गेला पाहिजे. ड्रायव्हर २५ च्या वेगानं निघून गेला तर मोजायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी गतिरोधक घाला. दुसरी गोष्ट म्हणजे भरलेला ट्रक स्वतःच पार्श्वभूमीचं प्रारण अडवतो, त्यामुळं ट्रक मध्ये आला की आकडा आधी खाली जातो. स्वस्त यंत्रणा हे धरत नाही. मग लोखंडाच्या ढिगाच्या मधोमध असलेला सोर्स त्या खड्ड्यात लपून जातो. तरीही शिशाच्या डब्यातला अख्खा सोर्स पोर्टलला दिसेलच याची खात्री नाही. म्हणून उतरवताना ग्रॅपलजवळ (भंगार उचलणारा पंजा) आणि भट्टी चार्ज करताना डोळ्यांनी बघणारा माणूस हवाच. आकाराच्या मानानं अति जड वस्तू, शिशाचा किंवा टंगस्टनचा गोळा, किरणोत्साराची तीन पात्यांची खूण, खरवडलेली पाटी. तीन पात्यांची खूण अनेकांना पंख्यासारखी दिसते, म्हणून २००७ पासून मोठ्या सोर्ससाठी कवटी आणि पळणारा माणूस असलेली लाल खूण आली आहे. दोन्हींचे फोटो काट्यावर चिकटवा.

आणि खोट्या घंटा. त्याच माणसाला कंटाळवतात. पोटॅश खताचं पोतं (पोटॅशियम-४०), ग्रॅनाइटच्या फरश्या, झिरकॉन वाळू, रिफ्रॅक्टरी विटा, टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या थोरिएटेड इलेक्ट्रोड. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब, त्यामुळं इथली पार्श्वभूमी कमी. दक्षिणेतून ग्रॅनाइटचा ट्रक आला की फरक ठळक दिसतो. शिवाय माणूस! थायरॉईडसाठी आयोडीन-१३१ घेतलेला क्लीनर ट्रकमध्ये बसला असेल तर पोर्टल ओरडतं. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाजवळ हे धरूनच चाला. क्लीनरला खाली उतरवून ट्रक पुन्हा काढा, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

घंटा खरी ठरली तर ट्रक परत पाठवू नका. "तुझं तू घेऊन जा" म्हटलं की ड्रायव्हर पुढच्या वळणावर माल ओतून मोकळा होतो आणि सोर्स कायमचा हरवतो. ट्रक बाजूला उभा करा, ३० मीटर मोकळं करा, प्रारण मीटर घेऊन १०० मायक्रोसिव्हर्ट (अंगावर पडणाऱ्या प्रारणाचं एकक) प्रति तासाची रेषा कुठं येते ते पाहा आणि जास्त असेल ती हद्द धरा. गाडीचे कागद आणि चालकाचा नंबर घ्या, पोलीस आणि एईआरबीला कळवा. ढीग उपसायला माणूस घालू नका.

---

येरळा

भट्टीत वितळला तर?

---

भट्टी_आणि_साचा

समस्थानिकावर आहे. कोबाल्ट आणि इरिडियम धातूतच मिसळतात, म्हणजे माल बाद. सीझियम उकळून वर जातं आणि बॅग फिल्टरच्या धुळीत बसतं. अमेरिसियम, रेडियम स्लॅगमध्ये (भट्टीतली मळी). म्हणून फक्त चमच्यातलं सँपल तपासून "हीट (भट्टीचा एक घाणा) स्वच्छ आहे" म्हणणं चूक. धूळ आणि स्लॅगही मीटरखाली घ्या. स्पेनमध्ये १९९८ ला सीझियम वितळलं तेव्हा ते धुरातून बाहेर पडलं. थायलंडमध्ये मार्च २०२३ मध्ये वीजनिर्मिती केंद्रातून सीझियमचा ३० सेंटीमीटरचा नळा गायब असल्याचं कळलं आणि नंतर लोखंडाच्या कारखान्यातल्या लाल धुळीत सीझियम मिळालं. आणि २००८ मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, ते पोलाद भारतातून गेलं होतं. निर्यातदारांनी एवढं लक्षात ठेवावं, आपल्याकडे नाही सापडलं तर तिकडच्या बंदरावर सापडतं.

---

पेठ_नाका

सगळं मान्य. पण राव, दहशतवादी काय कुपवाडच्या गेजसाठी येणार आहे का? थोडं अति होतंय असं नाही वाटत?

---

फिल्म_बॅज

वर्ग ४-५ च्या गेजसाठी कुणी येणार नाही. म्हणूनच वर्गवारी आहे, जाडी गेजला बंदूकधारी रखवालदार मागायचा नाही. त्याला कुलूप, यादी आणि परतीचा कागद पुरे. पण वर्ग १ आणि २ बद्दल प्रश्न वेगळा. मॉस्कोच्या इझमायलोवो पार्कमध्ये १९९५ साली चेचेन बंडखोरांनी सीझियमचं पाकीट पुरून टीव्हीवाल्यांना कळवलं होतं. स्फोट नव्हता, कुणी मेलं नाही, फक्त दाखवलं. अशा वस्तूचं काम माणसं मारण्यापेक्षा भीती घालण्याचं आणि पेठ बंद पाडण्याचं जास्त. शहराच्या मध्यावर चार गल्ल्या साफ होईपर्यंत बंद राहिल्या तरी त्यांचा हेतू साधला.

दुसरं, चोर दहशतवादी असावाच लागतो असं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मेक्सिकोत रुग्णालयाचा कोबाल्ट सोर्स घेऊन निघालेला ट्रक बंदुकीच्या धाकानं पळवला. चोरांना ट्रक हवा होता, आत काय आहे ते त्यांना ठाऊकच नव्हतं. ३००० क्युरी. दोन दिवसांत मिळाला, पण शिल्ड उघडलेला.

---

टेंभू_जॉइंट

पाईपलाईनच्या बाजूनं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या रायझिंग मेन (पाणी वर चढवणाऱ्या पाईपलाईन) म्हणजे लोखंडी पाईपचे हजारो वेल्ड, आणि वेल्ड म्हटलं की रेडिओग्राफी, म्हणजे गॅमा किरणांनी जोडाचा फोटो. काम आटपाडी, जत, खानापूर तालुक्यात, माळावर, रात्री. या जिल्ह्यांत वर्ग २ चा सोर्स सगळ्यात जास्त हिंडत असेल तर तो इथंच.

कॅमेऱ्यात इरिडियमची कॅप्सूल पिगटेलच्या (केबलला जोडायची छोटी तार) टोकाला. क्रँकनं ती गाईड ट्यूबमधून पुढं जाते, काम झालं की मागं येते. ३० क्युरीच्या इरिडियमचा एक मीटरवर ताशी साधारण १५० मिलिसिव्हर्ट. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत वर्षाचा कोटा संपला. खिशात ठेवली तर मीटर नाही, सेंटीमीटर मोजायचे. पेरूत यानांगोच्या जलविद्युत प्रकल्पावर फेब्रुवारी १९९९ मध्ये एका वेल्डरनं सुटलेली कॅप्सूल उचलून मागच्या खिशात घातली, त्याचा पाय कापावा लागला. इजिप्तमध्ये २००० साली शेतकऱ्यानं चमकणारी वस्तू म्हणून इरिडियम घरी नेलं. तो आणि त्याचा मुलगा, दोघं गेले.

सोर्स मागं आला की नाही हे क्रँकच्या वेढ्यांवरून ठरवायचं नाही. पिगटेल सुटली असेल तर केबल रिकामीच मागं येते आणि हाताला फरक कळत नाही. प्रत्येक एक्सपोजरनंतर सर्व्हे मीटर घेऊन आधी कॅमेरा, मग गाईड ट्यूब शेवटपर्यंत. इथं तीन फसवणुका आहेत:

बॅटरी उतरलेला मीटर शून्य दाखवतो आणि शून्य बघायला बरं वाटतं. शिफ्टच्या सुरुवातीला चेक सोर्सवर मीटर हलतो का ते पाहा.

काही जुने जीएम (गायगर-म्युलर) मीटर फार मोठ्या प्रारणात गुदमरतात आणि आकडा खाली येतो. लांबून जवळ येत जा, जवळून सुरुवात करू नका.

तिसरी लोकांना माहीत नसते. बऱ्याच कॅमेऱ्यांचं शिल्डिंग डिप्लिटेड युरेनियमचं (यू-२३५ काढून घेतल्यावर उरलेलं) असतं. त्याचं स्वतःचं थोडं प्रारण असतं. त्यामुळं रिकामा कॅमेराही मीटर थोडा हलवतो आणि "आहे आत" असं वाटतं. म्हणून त्याच कॅमेऱ्याचा, त्याच जागी, सोर्स आत असतानाचा आकडा वहीत हवा आणि आजचा त्याच्याशी जुळवायचा. सोर्स दर ७४ दिवसांनी निम्मा होतो हे धरून.

दुसरा मुद्दा ताबा. मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार, एनडीटी एजन्सी (वेल्ड न तोडता तपासणारी). सोर्स एका साईटवरून दुसऱ्या साईटवर न्यायचा तर ई-लोरावर मंजुरी लागते. पण बिल अडकलं की कॅमेरा साईटवरच ओलीस राहतो. एजन्सीची माणसं निघून जातात, पिट (सोर्स ठेवायचा खड्डा) आणि कुलूप कंत्राटदाराच्या वॉचमनच्या हवाली. हा प्रकार बंद झाला पाहिजे. वर्क ऑर्डरमध्येच लिहा: पैशाचा वाद काहीही असो, सोर्स एजन्सीच्या आरएसओच्या ताब्यातच राहील आणि काम थांबलं की ठरलेल्या दिवसांत पिट रिकामं होईल.

नेताना एसटी नाही, रेल्वे नाही, मोटारसायकल तर नाहीच. बंद गाडी, कॅमेरा पेटीत, पेटी गाडीच्या चॅसीला बोल्टनं, लेबल, ट्रेमकार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं), दोन माणसं. हायवेला जेवायला थांबलात तर एक माणूस गाडीपाशी. चॅसीला बोल्ट करायचं कारण फक्त चोरी नाही. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२३ मध्ये सीझियमची ६ बाय ८ मिलिमीटरची कॅप्सूल १४०० किलोमीटरच्या रस्त्यावर पडली. हादऱ्यानं गेज खिळखिळं झालं, बोल्ट निघाला, त्याच भोकातून कॅप्सूल खाली. मिळाली, पण आठवडाभर गाड्या हिंडवून. आमच्या आटपाडी-जतच्या रस्त्यांवर हादरे कमी आहेत असं कुणी म्हणू नये.

---

येरळा

डिप्लिटेड युरेनियमचं वाचून थबकलो. मग तो रिकामा कॅमेरा भंगारात घालता येतो का?

---

टेंभू_जॉइंट

नाही! सोर्स नसला तरी तो युरेनियम आहे, म्हणजे अणुसामग्री. त्याचा वेगळा हिशेब. जुन्या टेलिकोबाल्टच्या डोक्यातही काही ठिकाणी असतो. पुरवठादाराकडे किंवा एईआरबी सांगेल तिकडेच. भट्टीवाल्यांनी "शिशापेक्षा जड, कापताना ठिणग्या उडतात" असा गोळा आला तर हात लावू नये.

---

आयर्विन_४५

नदीकाठचा मुद्दा कुणीच काढला नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं. एनडीटी एजन्सीचं सोर्स पिट म्हणजे जमिनीतला खड्डा. सुरक्षेसाठी जमिनीत घालायचं आणि सांगलीत जमिनीत म्हणजे पुराखाली.

पाणी गेलं म्हणून कुलूपबंद कॅमेऱ्यातून सोर्स वाहून जात नाही, तो जड आणि सीलबंद. बिघडतं ते दुसरं. पाण्याच्या आधी वस्ती रिकामी होते, रखवालदार जातो, वीज जाते, सीसीटीव्ही जातो. चार-पाच दिवस वर्ग २ चा सोर्स कुणाच्याही नजरेखाली नाही. पाणी उतरल्यावर गाळ उपसणारे, भंगार गोळा करणारे, मदतवाले सगळे एकाच वेळी येतात. ट्रॅक्टरभर गाळासोबत काय गेलं कोण बघतो?

करायचं काय:

भाड्यानं शेड घेतानाच २०१९ ची पूररेषा बघा. कुपवाड एमआयडीसी उंचावर, कृष्णाकाठचा भाग नव्हे.

पर्यायी साठवणूक जागा जूनच्या आधी ठरवून तिची मंजुरी घेऊन ठेवा. ऐन पुरात ई-लोरावर अर्ज करत बसता येणार नाही.

हलवायचा निर्णय इशारा पातळीला, ४० फुटांना घ्यायचा. ४५ ला रस्ते बंद व्हायला लागतात आणि कोयना-वारणेचा विसर्ग वाढला की मधला वेळ फार नसतो.

हलवणं शक्य नसेल तर पिटचं झाकण वेल्ड केलेल्या पट्टीनं बांधा, जागेचे जीपीएस आकडे आणि फोटो जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या. तळेगावजवळच्या सुदुंबरेची एनडीआरएफ पाचवी बटालियन पुरात आपल्याकडेच असते. त्यांच्याकडे किरणोत्साराचं प्रशिक्षण असलेले जवान असतात, त्यांना आधी माहीत असलेलं बरं.

पाणी उतरलं की पहिला आत जाणारा माणूस मीटरवाला. सफाईवाला नंतर.

---

मिरज_रोड

हे उत्तम. एक भर घालतो. रुग्णालयांचे बंकर (प्रारण अडवणाऱ्या जाड भिंतींच्या उपचार खोल्या) बहुधा तळमजल्यावर किंवा खाली असतात. तिथं कोबाल्ट हलवायचा प्रश्न नाही, पण दाराच्या मोटरी, सेन्सर आणि यूपीएस वरच्या मजल्यावर न्या.

---

निर्यात_टेबल

धाग्यात नुसते सोर्स आले. प्रसाराची, म्हणजे अण्वस्त्रांकडे जाणाऱ्या साहित्याची बाजू राहिली. ती आपल्या वर्कशॉपवाल्यांना जास्त लागू आहे.

सांगली-सातारा पट्ट्यात पंप, व्हॉल्व्ह, मशिन केलेले सुटे भाग बनवून निर्यात करणारे बरेच आहेत. स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या संवेदनशील वस्तूंची, डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालय). त्यातला वर्ग ० अणुऊर्जा विभागाच्या परवान्याचा, आणि वर्ग ४ म्हणजे अणुउद्योगात वापरता येतील अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तू. २००४ चा सुरक्षा परिषदेचा ठराव १५४० आणि आपला २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांचा कायदा हे या यादीच्या पाठीशी आहेत. २०२२ च्या दुरुस्तीत वित्तपुरवठाही त्यात आला.

साधी दिसणारी उदाहरणं: ५ मिलिमीटर किंवा मोठा, बेलोज सील (घड्यांच्या धातूच्या नळीनं गळती रोखणारं) असलेला व्हॉल्व्ह, ज्याचा आतला सगळा भाग ॲल्युमिनियमचा किंवा ६० टक्क्यांहून जास्त निकेलच्या मिश्रधातूचा. किंवा ६०० हर्ट्झ आणि वर चालणारा, वारंवारता अगदी बारीक राखणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर. केमिकल प्लांटलाही लागतात, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजलाही. फरक मापात आणि धातूत असतो, म्हणून चौकशी आली की ड्रॉइंग यादीशी ताडून बघायचं काम विक्रीवाल्यावर सोडू नका, डिझाईनवाल्याला द्या.

यादीत नसलेल्या वस्तूलाही, शस्त्रासाठी जाणार आहे असं माहीत असेल किंवा तसा संशय घ्यायला जागा असेल तर परवाना लागतो. संशय कशावरून? खरेदीदार व्यापारी, अंतिम वापरकर्ता सांगत नाही. कारखाना बिस्किटांचा आणि मागणी निकेल व्हॉल्व्हची. बसवून द्यायला, वॉरंटीला नको म्हणतो. रोख देतो. माल एका फॉरवर्डरच्या गोदामात, तिथून पुढं कुठं ते लिहिलेलं नाही.

ऑक्टोबर २००३ मध्ये लीबियाला निघालेल्या जहाजावर सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग पकडले गेले. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या चोरट्या अणुव्यापाराच्या जाळ्यातले. ते मलेशियातल्या एका साध्या मशिन शॉपमध्ये बनले होते, आणि काम तेल-वायू उद्योगाचं आहे असं तिथं सांगितलेलं होतं. मायक्रॉनमध्ये टॉलरन्स असलेला ॲल्युमिनियमचा नळीसारखा भाग, हजारोंच्या संख्येनं. आपल्या एखाद्या सीएनसी शॉपला ही ऑर्डर आली असती तर कुणी नाही म्हटलं असतं का, सांगा.

---

पेठ_नाका

हे माहीत नव्हतं. शब्द मागं घेतो.

अवांतर: आमच्याकडे अधूनमधून "कॅलिफोर्नियम आहे, कोटीत जातं" किंवा तांब्याचा राईस पुलर, रेड मर्क्युरी असले लोक हिंडतात. ते यात मोडतं का?

---

फिल्म_बॅज

बहुतेक वेळा शुद्ध फसवणूक. कॅलिफोर्नियम-२५२ अणुभट्टीत बनतं, जगाचं वर्षाचं उत्पादन मिलिग्रॅममध्ये, अर्धायुष्य २.६ वर्षं. कुणी ५० ग्रॅमचा दगड दाखवत असेल तर तो दगडच. राईस पुलर तांदूळ ओढतो ते आतल्या चुंबकानं, तांदळाला लोखंडाचा कीस चिकटवलेला असतो. पूर्वी शिलाई मशीनमध्ये रेड मर्क्युरी नावाचं काल्पनिक द्रव्य शोधायचे, त्याच घरातलं.

पण सगळंच खोटं धरू नका. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसनं मुंबईत सुमारे ७ किलो युरेनियम पकडलं आणि ते खरं नैसर्गिक युरेनियम निघालं. शस्त्राच्या दृष्टीनं ते फार दूर. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हिशेबात नैसर्गिक युरेनियमची दखलपात्र मात्रा (अणुबॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही एवढी) १० टन आहे, तर प्लुटोनियमची ८ किलो आणि उच्च समृद्ध युरेनियमात यू-२३५ ची २५ किलो. पण ७ किलो युरेनियम कुठल्या तरी वहीतून गळलं, त्या वहीत आणखी काय आहे, हा प्रश्न उरतो.

म्हणून असा माणूस भेटला तर वस्तू हातात घेऊन खात्री करायला जाऊ नका आणि सौदा करून पकडायलाही नाही. ११२ ला कळवा, वजन आणि डब्याचं वर्णन द्या.

---

येरळा

शेवटचा प्रश्न. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या कपाटात झिंक युरेनिल ॲसिटेटची जुनी बाटली असते. सोडियम तपासायला वापरायचे. तिचं काय?

---

मिरज_रोड

युरेनियमचं संयुग आहे, प्रमाण थोडं. घाबरायचं कारण नाही, पण बेसिनमध्ये ओतू नका आणि कपाट रिकामं करताना भंगारवाल्याला देऊ नका. बाटली न उघडता दुसऱ्या झाकणाच्या डब्यात, डबा कुलुपात, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वजनासह नोंद, आणि प्राचार्यांच्या सहीनं एईआरबीला पत्र: काय आहे, किती आहे, पुढं काय करू. पत्ता नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई. पत्राची प्रत रजिस्टरच्या त्याच पानाला डकवा, म्हणजे पुढच्या विभागप्रमुखाला कपाट उघडायच्या आधी सापडेल.

---

फिल्म_बॅज

आणि लिलावाचं ज्यावरून सुरू केलं ते: बँकेच्या मूल्यांककाला एक ओळ वाढवायला सांगा, "किरणोत्सारी सोर्स असलेलं उपकरण आहे/नाही, असल्यास अनुक्रमांक." मालकाकडून ई-लोरावरच्या साठ्याचा प्रिंट घ्यायचा आणि यादीशी जुळवायचा. कारखान्याचा मालक सापडत नसेल तर ताबा घेणाऱ्या बँकेनं एईआरबीला आस्थापनेचं नाव देऊन विचारावं. उपकरण निघालं तर ते लॉटमधून बाहेर, कुलुपात, आणि परत पाठवायचा खर्च विक्रीच्या रकमेतून आधी वजा. नमुना पत्राचा मसुदा उद्या याच धाग्यात टाकतो, बँकवाल्यांनी दुरुस्त्या सुचवा.